सायीच्या रंगाची सीट

माझ्या दिराची गाडी आमच्या पुढच्या खोलीपेक्षा लांब आहे. हे मी मोजलेलं नाही, आत्यांनी मोजलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, रत्नाबाई. गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा लुगडं वर खोचून त्या पुढच्या दिव्यापासून मागच्या काचेपर्यंत पावलं टाकत गेल्या, मग घरात येऊन भिंतीच्या कडेनं तशीच पावलं टाकली आणि म्हणाल्या, "आपुन हिच्यात ऱ्हाऊ आन् घर उभं करू रस्त्याला."

सिदू हसला. सिदू म्हणजे सिद्धांत, माझा धाकटा दीर. उरवड्याच्या कारखान्यांना कामगार पुरवायचं त्याचं काम. राहायला सूसला, सोसायटीत. माझा नवरा जयवंत त्यातल्याच एका कारखान्यात शिफ्टला जातो. धाकटा भाऊ पुढं गेला आणि थोरल्याच्या पोटात दुखलं नाही, असं आमच्या वस्तीत एवढं एकच घर असेल. त्याचं श्रेय आत्यांचं. त्यांनी दोघांना लहानपणी एकाच ताटात जेवायला बसवलं होतं आणि जो जास्त खाईल त्याला भांडी घासायला लावली होती.

गाडीपुढं नारळ फोडला नाही, लिंबू-मिरची बांधली नाही. दारात मेणबत्ती लावून आम्ही त्रिसरण-पंचशील म्हटलं. आत्यांनी पौडच्या स्टॅंडवरून 'जय भीम'चा निळा स्टिकर आणून ठेवला होता, मागच्या काचेसाठी. सिदूनं तो घेतला, पुढच्या कप्प्यात ठेवला आणि म्हणाला, "लावतो नंतर, काच पुसून." काच तर आरशासारखी होती.

मग त्यानं आम्हाला गाडी दाखवली. दार नुसतं टेकवलं की उरलेलं ते आपलं आपण ओढून घ्यायचं, आवाज न करता. छत काचेचं. घाट चढताना म्हणे इंजिन दमत नाही आणि खड्ड्यात गाडी गेली तरी आतल्या माणसाला ते कळत नाही, खाली हवेच्या पिशव्या असतात. मागच्या दोन सीट आरामखुर्चीसारख्या मागं कलायच्या, उन्हाळ्यात गार व्हायच्या आणि बटण दाबलं की पाठ रगडून द्यायच्या. रंग सायीचा. चांगल्या म्हशीच्या दुधावर सकाळी येते तसली साय. मी हात लावला आणि मग तो पदराला पुसला, म्हणजे आधी पुसायला हवा होता हे उशिरा सुचलं.

पण आत्यांना आवडली ती पायरी. दार उघडलं की गाडीच्या पोटाखालून एक पायरी आपोआप बाहेर यायची. पहिल्यांदा आली तेव्हा त्या दचकून मागं सरल्या. दुसऱ्यांदा मुद्दाम दार उघडायला लावलं. तिसऱ्यांदा पायरीकडं बघत म्हणाल्या, "आयुष्यात पैल्यांदा कुणीतरी माझ्यासाटी पाय ठिवायला जागा पुढं केली गं, प्रभा."

सिदू ती गाडी तळहातावरच्या फोडासारखी जपायचा. दारात लावली की फडकं घेऊन फिरायचा. जयवंत त्याला चिडवायचे, "आरं, बायकोचं तोंड पुसलंस का कदी असं?" मीही हसायचे. एकदा मात्र चहा पिता पिता त्यानं मला एक गोष्ट सांगितली.

"वहिनी, बावधनला एका साहेबाला भेटायला गेलतो. गेटवरचा वॉचमन म्हणतो, ड्रायव्हरनी गाडी मागं लावायची, साहेबाला हितं उतरवा. मी म्हणलं, कुठाय साहेब, बघ की. तर त्यानं खरंच वाकून मागं बघितलं."

सांगताना हसत होता. मग कप खाली ठेवून म्हणाला, "त्या दिवशी गाडी चिखलानं भरल्याली होती ना, म्हणून. स्वच्छ असली की आसं न्हाई होत."

त्यानंतर मी त्याला फडक्यावरून कधी चिडवलं नाही.

पहिल्याच महिन्यात आम्ही सगळे देहूरोडच्या विहारात निघालो. आत्या आयुष्यभर जीपच्या टपाखाली कोंबून आणि एस्टीच्या मागच्या बाकावर उड्या खात फिरलेल्या, त्यांना कधी गाडी लागली नव्हती. या गाडीत लागली. धक्का नाही, आवाज नाही, वारा नाही. बंद काचेतून झाडं नुसती वाहत होती. घोटावड्याच्या पुढं त्या म्हणाल्या, "सिदू, जरा..." आणि पुढचं सगळं सीटवर आलं.

सिदू ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं गाडी कडेला घेतली, आत्यांना उतरवून पाणी दिलं आणि मग रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसून तासभर सीट पुसत राहिला. शिवणीच्या भोकांत गेलेलं काडीनं काढत होता. आत्या दगडावर बसून त्याच्या पाठीकडं बघत होत्या. शेवटी उठला तेव्हा एवढंच म्हणाला, "आधी सांगायचं ना गं, आई."

त्या दिवसापासून आत्या गाडीत बसायच्या आधी चप्पल काढून हातात घ्यायच्या. कंबरेच्या पिशवीत मिश्रीच्या डबीशेजारी घडी घातलेली कॅरीबॅग असायची. मागच्या डाव्या सीटवर सिदूनं जाड प्लॅस्टिक अंथरलं, त्यावर टॉवेल. आम्ही त्याला 'आईची सीट' म्हणायला लागलो. प्लॅस्टिकमुळं ती सीट गार व्हायची नाही, रगडायची तेही लागायचं नाही. आत्या मात्र कुणी विचारलं की सांगायच्या, "लई सुख हाय गाडीत. पोटातलं पाणी हालत न्हाई."

आषाढ संपता संपता त्यांना पोटात दुखायला लागलं. दोन दिवस हिरवं पित्त पडत होतं. पिरंगुटच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, म्हणाले, कोथरूडला मोठ्या दवाखान्यात दाखवा, आजच. रविवार होता, सिदू आलेलाच होता. जयवंत पहिल्या पाळीला गेले होते. मी म्हटलं, "एकशेआठला फोन करायचा का?"

"कशाला?" सिदू म्हणाला. "ती येणार कदी, त्यात त्या गाडीत माणूस निम्मं धक्क्यानंच मरतं. मी चाळीस मिनिटांत न्हेतो. आईला कळायचं पण न्हाई."

आणि मलाही ते पटलं. खोटं कशाला सांगू. ॲम्ब्युलन्समधल्या त्या लोखंडी बाकड्यापेक्षा ही सीट कुणाला पटणार नाही?

पायरी बाहेर आली. आत्यांना तिच्यावर पाय ठेवायची ताकद नव्हती, सिदूनं उचलून आत ठेवलं. सीट पार मागं कलती केली, आत्या आभाळाकडं तोंड करून उताण्या झाल्या, काचेच्या छतातून ढग बघत. मी शेजारी, त्यांचा हात हातात. घाईत कॅरीबॅग घरी राहिली. हे आत्यांनी गाडी सुरू झाल्यावर कंबर चाचपून ओळखलं आणि माझ्याकडं बघितलं.

पिरंगुटच्या घाटात त्यांना पहिला उमासा आला. डोळे मोठे झाले. मी इकडंतिकडं बघितलं, धरायला काही नव्हतं. टॉवेल त्यांच्याखाली होता. पुढं सिदू दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ट्रकच्या मागून वाट काढत होता. मी वाकून आत्यांच्या कानात म्हणाले, "आत्या, जरा दाबून धरा. आलाच चांदणी चौक."

त्यांनी मान हलवली. पदराचा बोळा केला आणि तोंडात धरला.

भुगावला नेहमीसारखं सगळं तुंबलं होतं. टेम्पो, दुचाक्या, लग्नाची एक बस. बाहेर हॉर्न वाजत असणार, आत काही ऐकू येत नव्हतं. उमासा आला की आत्यांचा हात माझ्या हातात आवळायचा आणि मग सुटायचा. आवळायचा, सुटायचा. मग एकदा सुटला तो सुटलाच. डोळे मिटलेले. मला वाटलं, सीट लागू पडली. मी सिदूला म्हणाले, "झोपल्या."

"झोपू दे," तो म्हणाला. आणि गाडी इतकी हळुवार काढली की जणू मागं काचेचं सामान होतं.

दवाखान्यात पोचल्यावर स्ट्रेचरवाल्यांनी आत्यांना आत नेलं. गाडी उंच, तळघरातल्या पार्किंगमध्ये जाईना, म्हणून सिदू बाहेर जागा शोधत फिरत होता. त्यामुळं आत मी एकटीच होते. डॉक्टरीण तरुण होती. तिनं चिमट्यानं आत्यांच्या तोंडातून पदर बाहेर काढला. किती तरी निघाला. मग मला विचारलं, "हे कापड कुणी घातलं?"

"त्यांनीच."

तिनं चिमटा खाली ठेवला. मग हळू आवाजात सांगितलं. उलटीला बाहेर वाट नव्हती, उताण्या होत्या, ती श्वासाच्या नळीत गेली. कुशीवर घेतलं असतं, तोंड मोकळं असतं, तर निदान इथवर आल्या असत्या. पुढचं पुढं बघता आलं असतं.

सिदू आत आला तेव्हा डॉक्टरीण दुसऱ्या पेशंटकडं गेली होती. त्यानं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हणाले, "झोपेतच गेल्या." तो भिंतीला पाठ लावून खाली बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "त्रास न्हाई ना झाला तिला?"

"न्हाई," मी म्हणाले.

लुगडं मी घरी आल्यावर कुणी बघायच्या आत धुतलं. पदराला मिश्रीचा काळा डाग होता आणि चार दातांची खूण. आत्यांना पुढचे चारच दात उरले होते. डाग गेला. खूण मी दगडावर घासली तशी कापडच विरलं.

जलदानविधीला मांडवात माणूस मावत नव्हतं. वंदना झाली, मग रीतीप्रमाणे एकेक जण माईकवर येऊन आत्यांबद्दल दोन शब्द बोलला. कुणी त्यांची भाकरी आठवली, कुणी शिव्या. शेवटी सिदू उभा राहिला. म्हणाला, "माझ्या आईनं जन्मभर धक्के खाल्ले. पण शेवटच्या प्रवासात तिला एक धक्का बसला न्हाई. झोपल्या झोपल्या गेली. ह्या गाडीनं मला एवढं दिलं, बास." मग म्हणाला, "वस्तीतल्या कुणालाबी दवाखान्यात न्यायचं आसंल, तर आजपासनं ही गाडी आपली हाय. कदीबी सांगा."

बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. शेजारची यमुना मला म्हणाली, "मरान यावं तर आसं. गादीवर." मी मान हलवली. त्या दिवशी एवढ्या लोकांनी माझ्याकडं बघून मान हलवली आणि मी परत हलवली, की संध्याकाळी मान दुखत होती.

मी सांगायला हवं होतं. तेव्हाच नाही, पण तेरा-चौदा दिवसांनी, एखाद्या दुपारी. पण सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. पदर त्यांनी तोंडात घातला, हे खरं. दाबून धरा कुणी म्हटलं, हेही खरं. सिदूच्या जिवाला वाचवते आहे, असं मी स्वतःला सांगायचे. स्वतःला सांगायला फार सोपं असतं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी यमुना धावत आली. तिचा नवरा विश्राम, फार्महाऊसवर राखणदारी करतो, गवत कापता कापता खाली बसला होता. छातीत कळ, अंगाला घाम, मळमळ. मी म्हटलं, "एकशेआठ बोलावू."

"कशाला गं?" यमुना म्हणाली. "गाडी उभीच हाय की. रत्नाआत्या गेल्या तसलं सुख तरी लाभंल."

रविवारचा आलेल्या सिदूनं गाडी काढलीच होती. पायरी बाहेर आली. विश्रामभाऊंना दोघांनी धरून आणलं आणि काय बघते, तर तसल्या अवस्थेत ते पायानं पायाची चप्पल काढत होते. यमुनानं आतलं प्लॅस्टिक सारखं केलं, सीट मागं कलती केली, खांद्यावरचा टॉवेल नवऱ्याच्या हातात दिला. "तोंडाला धरा. गाडी खराब करू नगा लोकाची. उपकार करत्यात आपल्यावर."

मीही चढले. माझं तिथं काही काम नव्हतं, पण खालीही राहवेना.

लवळे फाट्याच्या अलीकडं विश्रामभाऊंचा गळा वर-खाली झाला. डोळे मोठे झाले. ते डोळे मी ओळखत होते. त्यांनी टॉवेलचा बोळा केला आणि तोंडात घातला. यमुना त्यांचा खांदा थोपटत म्हणाली, "दाबा जरा. आलं, आलंच."

मी टॉवेल ओढला. निघेना. दातांत धरला होता त्यांनी. गालावर एक चापट मारली तेव्हा सुटला.

"करा," मी म्हणाले. "हितंच करा, भाऊ. सीटवर करा."

"आगं यडी झाली का काय?" यमुना म्हणाली.

मी त्यांना खांद्याला धरून कुशीवर वळवलं, माझ्या बाजूला. खालचं प्लॅस्टिक सुरकुतून सरकलं. विश्रामभाऊ माझ्या मांडीवर, सीटवर, दाराच्या कातड्यावर, खालच्या गालिच्यावर भडाभडा ओकले. सकाळची भाकरी, चहा, सगळं. यमुना पदरानं पुसायला लागली. मी तिचा हात धरला.

पुढून सिदू म्हणाला, "वहिनी, काय चाललंय?"

"गाडी थांबवू नको."

"न्हाई थांबवत. काय चाललंय इचारतोय."

मग मी बोलले. त्याच्या मानेकडं बघत. तोंडाकडं बघून जमलं नसतं. "आत्या झोपेत न्हाई गेल्या, सिदू. त्यांना उलटी येत होती. सीट खराब हुईल म्हणून पदर तोंडात कोंबला. उलटी छातीत उतरली. डॉक्टरनी सांगितलं मला. आन् दाबून धरा, आसं त्यांना मीच म्हणलं होतं."

गाडी क्षणभर हळू झाली. मागच्या टेम्पोनं हॉर्न दिला असावा, कारण सिदूनं आरशात बघितलं. मग इंजिनाचा आवाज मी त्या गाडीत पहिल्यांदा ऐकला. घाट कधी चढलो आणि उतरलो ते कळलं नाही. भुगावला तो उलट्या बाजूनं घुसला, चारी काचा खाली केल्या आणि हात बाहेर काढून लोकांना बाजूला व्हा म्हणत राहिला. बाहेरचा सगळा गोंगाट, धूर, धूळ आत आली. विश्रामभाऊंचा श्वास घरघरत होता. घरघर ऐकू येत होती, म्हणजे श्वास होता.

दवाखान्यात त्यांना आत घेतलं. अर्ध्या तासानं एक डॉक्टर येऊन यमुनाला म्हणाले, वेळेत आणलंत, पण झटका मोठा आहे, दोन दिवस काही सांगता येणार नाही. ती बाकावर बसली, तिथून उठेना. मी तिला पाणी दिलं आणि बाहेर आले.

गाडी दवाखान्याच्या दारासमोरच तिरकी उभी होती, दारं सताड उघडी. सिदू पायरीवर बसला होता. शर्टाला, हाताला डाग, कारण विश्रामभाऊंना त्यानंच उचलून आत नेलं होतं. मी त्याच्याशेजारी बसले. पायरी दोघांना पुरत होती.

"कुठवर होती?" त्यानं विचारलं.

"भुगावपर्यंत हात आवळत होत्या. बसस्टॉपच्या तिथं सोडला."

मला वाटलं, आता बोलेल. बोल म्हणावं, मनात म्हटलं, मला बोल. मी त्यासाठी तयार होते, तीन महिने तयार होते.

"मी बघितलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"आरशात. घाट उतरताना. पदर तोंडात धरल्याला." त्यानं हाताचा तळवा दुसऱ्या हातानं पुसला, काही निघालं नाही. "वहिनी, मला बरं वाटलं. म्हणलं, आईनं ध्यान ठिवलं. सीट वाचली."

मी माझा हात त्याच्या पाठीवर ठेवला, तोही घाणच होता.

आतल्या सीटवर माश्या यायला लागल्या होत्या. सायीचा रंग कुठं दिसत नव्हता. पुढच्या कप्प्यात फडकं असणार, निळ्या स्टिकरवर घडी घालून ठेवलेलं. तो उठला नाही.

एवढ्यात दवाखान्याचा वॉचमन शिट्टी वाजवत आला. त्यानं गाडीकडं बघितलं, आतल्या घाणीकडं, मग सिदूच्या शर्टाकडं.

"ओ ड्रायव्हर," तो म्हणाला, "गाडी हितनं काढा. मालकाला सांगा, मोठ्या गाड्या मागच्या मैदानात लावायच्या."

माझ्या घशात आलं होतं, की मालक हाच आहे म्हणून. सिदूनं माझ्या मनगटाला धरून उठवलं.

"घेतो, दादा," तो म्हणाला, आणि गाडीत बसला.